फीपुरते रहिवासी

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठाच्या फीच्या तक्त्यात दोन रकाने असतात. एक राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी, दुसरा बाहेरून आलेल्यांसाठी. वर्ग तोच, प्राध्यापक तेच, शवविच्छेदनाच्या टेबलाभोवती उभी असलेली चार डोकी तीच. पण त्यातल्या एकाची फी दुसऱ्याच्या दीडपट किंवा दुप्पट असू शकते. बारावीनंतरच्या पदवीला या भेदाबद्दल फारसा वाद घालता येत नाही, कारण आईबापांचं राज्य तेच मुलाचं राज्य असा हिशेब बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. खरी ओढाताण सुरू होते ती त्यापुढे, मेडिकल, डेंटल, व्हेटरनरी, लॉ, फार्मसी अशा व्यावसायिक शिक्षणाच्या वेळी. विद्यार्थी बावीस-पंचवीस वर्षांचा असतो, परराज्यात तीन-चार वर्षं राहणार असतो, आणि आपण इथले रहिवासी का नाही, हा त्याचा प्रश्न अगदीच गैरवाजवी नसतो.

‘पहिलं वर्ष बाहेरची फी भर, तोवर तिथला रहिवासी हो, पुढची वर्षं इन-स्टेट फीत निघतील’ हा सल्ला न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंतच्या मराठी घरांत सर्रास ऐकू येतो. मंडळाच्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत उभ्या उभ्यासुद्धा तो मिळतो. देणारा बहुधा एका राज्यातल्या एका मुलाच्या अनुभवावर बोलत असतो. इकडे मात्र प्रत्येक राज्याचा कायदा निराळा, आणि कित्येकदा एकाच राज्यातल्या दोन कॉलेजांची रीतही निराळी. काही ठिकाणी हा सल्ला अक्षरशः खरा ठरतो. काही ठिकाणी तो ऐकून प्रवेश घेतला तर चार वर्षांचं जादा कर्ज बोकांडी बसतं.

दोन रकान्यांमागचं कारण सांगायला सोपं आहे. सरकारी विद्यापीठ राज्याच्या करांतून चालतं. ज्यांनी कर भरला त्यांच्या मुलांना सवलत, बाकीच्यांनी खर्चाचा मोठा वाटा उचलावा. हा युक्तिवाद जुना आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्येच ब्रायन खटल्यात एक वर्ष वास्तव्याची अट ग्राह्य धरली होती. आपल्याकडेही हेच झालं. इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजात फक्त मध्यभारताबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून कॅपिटेशन फी घेतली जाई. त्याविरुद्ध दिल्लीचा एक विद्यार्थी, डी. पी. जोशी, सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५५ मध्ये हरला. राज्य स्वतःच्या तिजोरीतून कॉलेज चालवतं, तेव्हा आपल्या रहिवाशांना झुकतं माप देणं म्हणजे जन्मस्थानावरून केलेला भेदभाव होत नाही, असं न्यायालयाने बहुमताने ठरवलं.

तरीही महाराष्ट्रातल्या पालकाला अमेरिकेतली पद्धत चटकन उमजत नाही, याचं कारण आपलं डोमिसाइल सर्टिफिकेट. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे जोडायचे, तहसील कार्यालयातून कागद घ्यायचा, आणि तो सगळीकडे चालतो. अमेरिकेत असा सगळीकडे चालणारा कागद नाही. बहुतेक ठिकाणी त्या त्या विद्यापीठाचं रजिस्ट्रार कार्यालय किंवा त्यातला रेसिडेन्सी अधिकारी प्रत्येक अर्जाचा निकाल लावतो. नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्याने अलीकडे हे काम राज्यपातळीवर एका ठिकाणी आणलं, पण तो अपवाद.

या सगळ्याला आजचं रूप दिलं ते १९७० च्या आसपासच्या काही खटल्यांनी. १९६९ मध्ये शपिरो खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी मदतीसाठी एक वर्ष वास्तव्याची अट रद्द केली. माणसाला एका राज्यातून दुसऱ्यात जाण्याचा हक्क आहे, त्याबद्दल त्याला दंड करता येत नाही, हे त्यामागचं तत्त्व. मग फीसाठी ती अट कशी चालते, असा प्रश्न मिनेसोटात लगेच उभा राहिला. पण १९७१ मध्ये न्यायालयाने फीची एक वर्षाची अट कायम ठेवली. पोटापाण्याची मदत वेगळी आणि पदवी वेगळी, असा हा भेद. पुढे १९९९ मध्ये साएन्झ खटल्यात तो आणखी स्पष्ट झाला. जी गोष्ट मिळवून माणूस सहज दुसऱ्या राज्यात घेऊन जाऊ शकतो, त्यासाठी राज्याने थोडी चाचपणी केली तर हरकत नाही. आणि अशा गोष्टींच्या उदाहरणांत तिथे घटस्फोट आणि कॉलेजचं शिक्षण ही दोन शेजारी शेजारी आली आहेत. डॉक्टरकी किंवा वकिली शिकणाऱ्याकडे रेसिडेन्सी अधिकारी इतक्या संशयाने का बघतो, ते यातून कळतं. पदवी हातात पडली की हा माणूस निघून जाईल, ही त्याची भीती.

परराज्यातल्या विद्यार्थ्यासाठी सगळ्यांत मोलाचा निकाल मात्र १९७३ चा, व्लँडिस विरुद्ध क्लाइन. कनेक्टिकटचा कायदा असा होता की अर्ज करताना, किंवा अविवाहित विद्यार्थी असल्यास त्याआधीच्या वर्षात केव्हाही, तुमचा पत्ता राज्याबाहेरचा असेल तर शिक्षण संपेपर्यंत तुम्ही बाहेरचेच. पुढे काहीही केलं तरी उपयोग नाही. कायद्याने रहिवाशांसाठी वर्षाला किमान ३५० डॉलर आणि बाहेरच्यांसाठी किमान ८५० डॉलर फी सांगितली होती. मार्गारेट क्लाइन कॅलिफोर्नियातून आली होती. तिने जन्मापासून कनेक्टिकटमध्ये राहिलेल्या माणसाशी लग्न केलं होतं. तिथला वाहन परवाना, गाडीची नोंदणी, मतदार यादीत नाव, सगळं होतं. पॅट्रिशिया कॅटापानो ओहायोतून पदव्युत्तर शिक्षणासाठी आली होती; तिचीही कागदपत्रं चोख होती. विद्यापीठ म्हणे, अर्जाच्या वेळी पत्ता बाहेरचा होता, विषय संपला. न्यायालयाने हे गृहीतक मोडीत काढलं. राज्य विद्यार्थ्याकडे संशयाने बघू शकतं, वर्षभर थांबायला लावू शकतं, पुरावे मागू शकतं; पण आपण खरंच इथले झालो हे सिद्ध करण्याची संधी त्याला नाकारता येणार नाही.

आज सरकारी विद्यापीठांत फेरवर्गीकरणाचा, म्हणजे बाहेरच्याला आतला धरा असं सांगणारा जो अर्ज भरता येतो, त्याच्या मुळाशी हा निकाल आहे. संधी द्यावीच लागेल असं न्यायालयाने सांगितलं. ती किती सोपी किंवा कठीण असावी, हे राज्यांवर सोडलं. राज्यांनी त्या मोकळिकीचा भरपूर उपयोग केला.

बहुतेक राज्यांत अर्ज तीन गोष्टींवर उभा राहतो: सलग बारा महिने प्रत्यक्ष वास्तव्य, इथेच कायम राहण्याचा हेतू, आणि पैशाच्या बाबतीत स्वावलंबन. वास्तव्य मोजता येतं. स्वावलंबनही बँकेच्या कागदांवरून बऱ्यापैकी दिसतं. घोडं अडतं ते हेतूपाशी. पुढची तीस वर्षं कुठे काढायची हे चोवीस वर्षांच्या मुलीला कुठून ठाऊक असणार? मेडिकलच्या विद्यार्थ्याला तर पदवीनंतर कोणत्या राज्यातल्या हॉस्पिटलात जायचं हे शेवटच्या वर्षी मार्च महिन्यात, ‘मॅच’च्या म्हणजे हॉस्पिटलांतल्या जागावाटपाच्या निकालात कळतं. तरी पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याने ‘मी इथेच राहणार’ असं लिहून द्यायचं आणि अधिकाऱ्याने त्याच्या वाहन परवान्यावरून त्याच्या मनातलं ओळखायचं. मला ही सगळी पद्धत बेगडी वाटते. पण आहे ती आहे, आणि तिच्यातून जायचं तर ती बारकाईने समजून घ्यायला हवी.

एक काल्पनिक, पण नेहमी घडतं तसं उदाहरण घेऊ. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी घरातली मुलगी, अमेरिकन नागरिक, वय तेवीस, ओहायोत व्हेटरनरीला जाते. ओहायो हे या बाबतीत उदार राज्य समजलं जातं. पहिल्या वर्षानंतर इन-स्टेट झालेले व्हेटचे विद्यार्थी तिथे नवलाईचे नाहीत. पण ओहायोच्या नियमात एक पाचर आहे. बारा महिने राहणं पुरत नाही. त्या बारा महिन्यांत राज्याबाहेरच्या कोणाकडूनही आर्थिक आधार घेतलेला चालत नाही. आता मराठी बाप काय करतो? मुलगी एकटी राहते म्हणून पहिल्या तारखेला भाड्याचे पैसे पाठवतो. गाडी त्याच्याच नावावर, न्यू जर्सीची नंबर प्लेट, विमा घरच्या पॉलिसीत, कारण तो स्वस्त पडतो. आणि फेब्रुवारीत त्याचा सीपीए टॅक्स रिटर्न भरताना सवयीने मुलीला डिपेंडंट दाखवतो. पूर्ण वेळ शिकणारं मूल चोवीस वर्षांखालचं असलं की फेडरल करात त्याबद्दल ५०० डॉलरची सूट मिळते; कायद्याने त्यात गैर काही नाही. जूनमध्ये मुलगी ओहायोचा परवाना, भाडेकरार, मतदार नोंदणी असं सगळं जोडून अर्ज करते आणि अधिकारी मागच्या वर्षाचं टॅक्स रिटर्न मागतो. पाचशे डॉलर वाचवण्याच्या नादात हजारो डॉलर गेलेले असतात. यात लबाडी कोणाचीच नसते. असते ती मुलांना पैशाची झळ लागू न देण्याची आपली रीत. हिंदुस्थानी घरांत अर्ज फेटाळला जाण्याचं हे कारण, माझ्या मते, सगळ्यांत मोठं आहे.

इथे आणखी एक गैरसमज असतो. फेडरल शिक्षणकर्जाच्या अर्जात व्यावसायिक शिक्षणाचा विद्यार्थी आपोआप स्वतंत्र धरला जातो, आईबापांचं उत्पन्न विचारलं जात नाही. त्यामुळे रेसिडेन्सीसाठीही आपण स्वतंत्रच, असं विद्यार्थी समजतात. राज्याचं कार्यालय फेडरल व्याख्या मानायला बांधील नसतं. पैसे कुठून आले हे ते स्वतः तपासतं. स्वतःच्या नावावरचं कर्ज, आधीच्या नोकरीतली शिल्लक, इथे केलेल्या कामाचा पगार सहसा चालतो. आजीने भेट दिलेले दहा हजार मुलीच्या खात्यात केव्हा आले, हा मात्र प्रश्न येऊ शकतो.

राज्याराज्यांतला फरक बघायचा तर कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनिया ही दोन टोकं सोयीची आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियमात वास्तव्य एक वर्षाहून जास्त, म्हणजे ३६६ दिवस लागतं, आणि ते सत्र सुरू होण्याआधी पुरं व्हावं लागतं. म्हणून तिथे लॉ किंवा व्हेटला जाणारे जाणकार विद्यार्थी वर्ग सुरू होण्याच्या काही दिवस आधी येऊन राहतात, त्याच आठवड्यात परवाना काढतात, गाडीची नोंदणी बदलतात. एका आठवड्याच्या आळसाने अख्खं सत्र जाऊ शकतं. पदवीच्या विद्यार्थ्यांना इथे स्वावलंबनाची अट इतकी जाचक आहे की ती पुरी करणारे फार थोडे. व्यावसायिक शिक्षणात ती सैल होते. बाहेरच्या विद्यार्थ्यावर जे जादा शुल्क लागतं, ते पदवीला २०२५-२६ च्या नव्या विद्यार्थ्यांसाठी ३७,६०२ डॉलर होतं, तर व्यावसायिक शिक्षणात ते कैक वर्षं १२,२४५ डॉलरवर थांबलेलं आहे. हा फरक चांगुलपणातून आलेला नाही. व्यावसायिक शिक्षणात कॅलिफोर्नियाने स्वतःच्या रहिवाशांवरच एक वेगळं मोठं शुल्क बसवलं आहे, त्यामुळे दोन रकान्यांतलं अंतर कमी दिसतं. तरीही चार वर्षांच्या शिक्षणात दुसऱ्या वर्षापासून रहिवासी ठरलेल्याचे ३६,७३५ डॉलर वाचतात, आणि ही रक्कम हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

व्हर्जिनियात कायदाच म्हणतो की पुरावा स्पष्ट आणि खात्रीलायक हवा. दिवाणी वादात साधारणपणे पारडं थोडं झुकलं तरी भागतं. इथे तेवढं पुरत नाही. मिशिगन विद्यापीठातही शिक्षणासाठी आलेला माणूस शिक्षणासाठीच राहतो आहे हे गृहीत धरून सुरुवात होते. गंमत अशी की व्हर्जिनिया विद्यापीठ आणि मिशिगन विद्यापीठ या दोघांच्या लॉ स्कूलमध्ये आतल्या-बाहेरच्या फीत फक्त काही हजार डॉलरचं अंतर असतं. राज्याकडून फारसा पैसा घ्यायचा नाही, फी देशातल्या खाजगी लॉ स्कूलच्या तोडीची ठेवायची, असा त्यांचा कारभार. तिथे रहिवासी होण्यासाठी जिवाचं रान करणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय आहे. तेवढ्या कष्टात शिष्यवृत्तीची रक्कम वाढवून मागावी. लॉ स्कूलमध्ये अशी घासाघीस होते आणि ती कोणी वावगी मानत नाही.

मिसुरीचा नियम मला प्रामाणिक वाटतो. बारा महिने राहा, त्या काळात राज्यात किमान २,००० डॉलरचं करपात्र उत्पन्न मिळवा, कोणाचे डिपेंडंट राहू नका, जुन्या राज्याशी संबंध तोडा. मनात काय आहे हे ओळखण्याचा आव कमी, आकड्यावर भर जास्त. व्हेट स्कूलच्या दवाखान्यात किंवा तबेल्यात उन्हाळाभर काम केलं तरी दोन हजार डॉलर होतात.

टेक्सासची तऱ्हा तिसरीच. तिथे शिकायला आलेल्याने रहिवासी व्हायचं तर राज्यात नोकरी, मालमत्ता, धंदा किंवा टेक्सासच्या रहिवाशाशी लग्न, यांतलं काहीतरी ठोस दाखवावं लागतं. नुसता परवाना आणि भाडेकरार फारसा कामाला येत नाही. पण त्याच टेक्सासच्या कायद्यात एक बाजूचा दरवाजा आहे. विद्यापीठाने स्पर्धेतून दिलेली किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती ज्याला मिळते, त्याची बाहेरची फी माफ होऊ शकते. तो बाहेरचाच राहतो, फी मात्र आतली भरतो. अशा माफीच्या संख्येवर मर्यादा असते, पण एखादं कॉलेज आपल्याला हवा असलेला विद्यार्थी ओढण्यासाठी हा दरवाजा बरोबर वापरतं. हजार डॉलरची शिष्यवृत्ती पाहून नाक मुरडणारे पालक असतात. टेक्सासच्या सरकारी मेडिकल कॉलेजात कायद्याने ठरवलेली मूळ फी रहिवाशाला वर्षाला ६,५५० डॉलर आणि बाहेरच्याला १९,६५० डॉलर आहे, हे त्यांना माहीत नसतं. चार वर्षांचा फरक ५२,४०० डॉलरचा. हजार डॉलरच्या त्या पत्राची खरी किंमत ही.

मेडिकलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नजरेआड होते. खरं दार फीचं नसून प्रवेशाचं आहे. टेक्सासची सरकारी मेडिकल कॉलेजं बाहेरच्यांना दहा टक्क्यांपेक्षा जास्त जागा देऊ शकत नाहीत, आणि इतर अनेक राज्यांतही आपल्या विद्यार्थ्यांनाच झुकतं माप असतं. त्यामुळे मेडिकलला जायचं असेल तर प्रवेशानंतर रहिवासी होण्यापेक्षा आधी होणं कितीतरी पटींनी फायद्याचं. पदवीनंतर दोन वर्षं संशोधन सहायक म्हणून किंवा दवाखान्यात काम करत त्या राज्यात काढलेला मुलगा प्रवेशाच्या वेळीही आतला असतो आणि फीच्या वेळीही. शिकायला आलो नव्हतो, काम करायला आलो होतो, हे त्याच्या पगाराच्या चिठ्ठ्याच सांगतात. हेतूची भानगडच मिटते. परिस्थिती परवानगी देत असेल तर मला हा मार्ग सगळ्यांत निर्मळ वाटतो.

खाजगी संस्थांत हा भेद नसतो असं समजून चालणंही धोक्याचं. कॉर्नेल विद्यापीठ खाजगी, पण त्याचं व्हेटरनरी कॉलेज न्यूयॉर्क राज्याच्या मदतीवर चालतं आणि न्यूयॉर्कच्या रहिवाशांना तिथे कमी फी आहे. ह्यूस्टनचं बेलर मेडिकल कॉलेज खाजगी, पण टेक्सासच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याचा पैसा घेतं, म्हणून तिथेही दोन रकाने.

ज्या राज्यांत व्यावसायिक कॉलेजच नाही, त्यांनी आपसांत करार करून ठेवले आहेत, आणि हा मार्ग आपल्या लोकांना जवळजवळ माहीतच नाही. पश्चिमेकडच्या राज्यांची विची ही संस्था १९५० च्या दशकापासून हे काम करते. वायोमिंगसारख्या राज्यातला विद्यार्थी शेजारच्या राज्यात डेंटलला किंवा व्हेटला गेला तर त्याचं राज्य त्याच्या वतीने ठरावीक रक्कम भरतं. वॉशिंग्टन विद्यापीठाचं मेडिकल स्कूल अलास्का, मोंटाना, आयडाहो आणि वायोमिंगच्या विद्यार्थ्यांना सामावून घेतं. केंटकीचं स्वतःचं व्हेट स्कूल नसल्याने वर्षानुवर्षं अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात त्या राज्यासाठी ३८ जागा राखलेल्या आहेत. काही राज्ये अशा मदतीच्या बदल्यात परत येऊन काही वर्षं काम करण्याची अट घालतात. एक पथ्य पाळावं लागतं: आपल्या मूळ राज्याच्या करारातून आलेला विद्यार्थी त्याच काळात नव्या राज्याचा रहिवासी असल्याचा दावा करू शकत नाही. दोन्ही डगरींवर पाय ठेवायला गेलं की दोन्ही सवलती जातात.

लष्करातल्या कुटुंबांचा प्रश्न काँग्रेसने फेडरल कायद्याने सोडवला. सेवेत असलेला सैनिक ज्या राज्यात तैनात असेल तिथे त्याला आणि त्याच्या कुटुंबाला २००९ पासून इन-स्टेट फी आहे. निवृत्त सैनिकांच्या शिक्षणासाठीची तरतूद २०१४ च्या कायद्याने झाली.

मराठी कुटुंबांना सगळ्यांत जास्त सतावतो तो व्हिसाचा गुंता. १९८२ मध्ये टॉल विरुद्ध मोरेनो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँड विद्यापीठाला सांगितलं की आंतरराष्ट्रीय संस्थांत नोकरी करणाऱ्या जी-फोर व्हिसाधारकांच्या मुलांना नुसत्या व्हिसाच्या कारणावरून इन-स्टेट फी नाकारता येणार नाही. जागतिक बँक, नाणेनिधी अशा संस्थांत नोकरीला असलेल्या राजधानी वॉशिंग्टनच्या आसपासच्या हिंदुस्थानी कुटुंबांना या निकालाचा थेट लाभ झाला. त्या काळापासून एक ढोबळ रेघ पडली आहे. ज्या व्हिसात मायदेशी परतण्याची अट कायद्यातच आहे, त्यावर माणूस अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा कायमचा रहिवासी होऊ शकत नाही. विद्यार्थ्यांचा एफ-वन आणि देवाणघेवाणीचा जे-वन हे त्यातले. नोकरीचा एच-वन, त्याच्या कुटुंबीयांचा एच-फोर, कंपनीतल्या बदलीचा एल अशा व्हिसांवर ही आडकाठी बहुतेक राज्यांत नाही. म्हणजे पुण्याहून एफ-वनवर आलेला विद्यार्थी एकाच राज्यात पाच वर्षं राहिला, कर भरला, तरी बहुतेक ठिकाणी बाहेरचाच. आणि एच-वनवरच्या नवऱ्याबरोबर आलेली बायको वर्षभरात इन-स्टेट होऊ शकते.

आपल्याकडून बीडीएस करून गेलेल्या मुलींना हे नीट ठाऊक असायला हवं. अमेरिकेत दंतवैद्यकी करायची तर बहुतेकींना तिथल्या डेंटल स्कूलमध्ये दोन-तीन वर्षांचा पुढचा अभ्यासक्रम करावा लागतो आणि त्याची फी डोळे फिरवणारी असते. एच-फोरवर असताना प्रवेश घ्यायचा की आधी एफ-वनवर जायचं, हा निर्णय अनेकजणी घाईत, कोणीतरी सांगितलं म्हणून घेतात. एफ-वनवर गेलं की इन-स्टेटचा दावा बहुधा संपतो. अर्थात काही विद्यापीठांत या अभ्यासक्रमाला आतला-बाहेरचा भेदच नसतो, एकच फी असते. तिथे व्हिसा कोणता याने फीत फरक पडत नाही. आधी तेवढं विचारून घ्यावं.

याहून चटका लावणारी गत एच-फोरवर वाढलेल्या मुलांची. ग्रीन कार्डाच्या रांगेत हिंदुस्थानी कुटुंबं दशकभराहून जास्त अडकलेली असतात. मूल एकविसाव्या वर्षी एच-फोरच्या बाहेर पडतं आणि सहसा एफ-वनवर जातं. तिसऱ्या वर्षापासून न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये वाढलेली, तिथल्याच शाळेत शिकलेली मुलगी नेमकी व्यावसायिक शिक्षणाच्या वयात, ज्या राज्याशिवाय तिला दुसरं घर माहीत नाही, तिथेच अनेकदा परकी ठरू शकते. वर तिला फेडरल कर्ज नाही, आणि पुष्कळ सरकारी मेडिकल कॉलेजं ग्रीन कार्ड नसलेल्याचा अर्जही घेत नाहीत. काही राज्यांनी तिथल्या हायस्कुलात ठरावीक वर्षं शिकलेल्यांना इन-स्टेट फी दिली, पण त्या कायद्यांचा रोख वेगळ्या मुलांकडे होता. कॅलिफोर्नियाच्या २००१ च्या कायद्यात तर विद्यार्थी व्हिसावरची मुलं बाहेरच ठेवलेली आहेत. कागदपत्रांशिवाय आलेल्या मुलाला सवलत आणि कायदेशीर मार्गाने आलेल्याला नाही, अशी तक्रार आपल्या लोकांत वारंवार ऐकू येते. तक्रारीचा पहिला भाग मला पटत नाही. त्या मुलांनाही ती फी मिळायलाच हवी. दुसरा भाग मात्र शंभर टक्के खरा आहे.

या सगळ्याला आता नवी धार आली आहे ती जुलै २०२५ च्या फेडरल कायद्यामुळे. आजवर व्यावसायिक शिक्षणाचा विद्यार्थी ग्रॅड प्लस या फेडरल कर्जातून शिक्षणाचा पूर्ण खर्च उचलू शकत होता. बाहेरची फी जास्त असली तरी कर्जाचा आकडा फक्त वाढे. तो फेडायचा कधी ते पुढचं पुढे. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते कर्ज बंद. व्यावसायिक पदवीला वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर ही कमाल मर्यादा. इतर पदव्युत्तर शिक्षणाला त्याहून बरीच कमी, वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,०००. फी आणि राहण्याचा खर्च मिळून त्यापुढे गेला तर उरलेलं खाजगी बँकेकडून, सहकर्जदार देऊन, त्यांच्या व्याजाने घ्यायचं. एवढे दिवस इन-स्टेट फी म्हणजे पुढचा हप्ता कमी, एवढाच अर्थ होता. यापुढे कित्येकांसाठी ती शिकता येईल की नाही याचा प्रश्न होईल. रेसिडेन्सी कार्यालयांकडे येणारे अर्ज वाढतील आणि राज्ये नियम आणखी आवळतील, असा माझा अंदाज आहे.

राज्यांनी काय करावं, यावर माझं मत स्पष्ट आहे. व्यावसायिक शिक्षणाच्या विद्यार्थ्याला प्रवेशाच्या पत्रातच चारही वर्षांचा हिशेब लिहून द्या: ‘तुम्ही बाहेरचे आहात, अमुक फी पडेल’, किंवा ‘वर्षभर राहिलात आणि इथे कर भरलात की आतले धरू’. हे दोन्ही न्याय्य आहेत. विद्यार्थ्याला आशेवर ठेवून वर्षभर भाडेकरार आणि पावत्या गोळा करायला लावणं आणि मग त्याच्या मनातला हेतू पटला नाही असं कळवणं, हे न्याय्य नाही. शिवाय या खेळात जिंकतो तो बहुधा आधीच शहाणं करणारं कोणी घरात असलेला मुलगा. घराण्यातला पहिलाच पदवीधर असलेल्याला परवाना कधी बदलायचा हेही सांगणारं कोणी नसतं.

तोवर ज्याने त्याने आपली काळजी घ्यावी. जागा राखण्याचे पैसे भरण्याआधी प्रवेश कार्यालयाला नव्हे, रेसिडेन्सीचा निकाल देणाऱ्या कार्यालयाला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या: आमच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर फेरवर्गीकरण होतं का, पालकांनी दिलेले पैसे चालतात का, उन्हाळ्यात दुसऱ्या राज्यात नोकरी केली तर वास्तव्य खंडित होतं का. शेवटचा प्रश्न लॉच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. पहिल्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला गेलेल्यांचे अर्ज तिथेच अडकतात. खोटा पत्ता किंवा नावापुरतं लग्न असले उद्योग करू नका. पकडलं गेलं तर बुडवलेली फी वसूल होतेच, वर शिस्तभंगाची कारवाई होते, आणि वकिलीचा परवाना मागताना चारित्र्याच्या चौकशीत ते प्रकरण पुन्हा उघडतं. अर्जाची शेवटची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. ती हुकली की पुढच्या सत्रापर्यंत थांबावं लागतं, आणि मधल्या सत्राची भरलेली फी सहसा परत मिळत नाही.